पॉडकास्टवर दोन ओळी गायल्या तर कोणाचं काय जातं?

ठायलय
मुक्तछंद यांनी काल लिहिलंय की पॉडकास्टवर गाजलेलं गाणं बिनधास्त म्हणा. तीस सेकंदांच्या आत असलं की चालतं, गीतकार-संगीतकाराचं नाव घेतलं की झालं, आणि कमाई नसेल तर कोणी विचारतही नाही. खाली सगळे ‘वा, शंकाच मिटली’ म्हणून मोकळे. मला राहवत नाही म्हणून लिहितो.

तीस सेकंदांचा नियम कुठल्या कलमात आहे? १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ५२ काढून बसा. खाजगी वापर, समीक्षा, चालू घडामोडींचं वार्तांकन यांना मुभा आहे, सेकंदांचं माप कुठेच नाही. आणि मुखडा म्हणजे गाण्याचा जीव. तोच उचलायचा आणि ‘थोडंसंच घेतलं’ म्हणायचं? नाव घेणं हा सभ्यपणा झाला, परवानगी नव्हे. कमाई नाही हे एक वेळ तुमच्या बाजूने मोजलं जाईल, पण एपिसोड जगाला ऐकायला ठेवलात की खाजगी वापर संपला.

राहिलं ‘मी रेकॉर्ड वाजवत नाही, स्वतः गातो’. त्याने तीनातला एकच हक्क सुटतो, ध्वनिमुद्रणाचा. शब्दांचा आणि चालीचा जागच्या जागी.

मुक्तछंद
झालं प्रवचन? लग्नाच्या वरातीत रात्रभर गाणी वाजतात, तिथे जाऊन पावती मागता का?

ठायलय
वरातीला सूट कायद्यातच लिहिलेली आहे, कलम ५२ मध्येच. धार्मिक विधी, सरकारी समारंभ, लग्नाची वरात. तुमच्या पॉडकास्टची वरात काढा, मीही नाचायला येतो.

मुक्तछंद
नाचा. पण आधी सांगा, परवानगी मागायची कोणाकडे? मी मागितली होती. एका म्युझिक कंपनीला रीतसर मेल केली. उत्तर आलं, ‘प्रकल्पाचं बजेट आणि अपेक्षित श्रोतृसंख्या कळवा.’ माझा प्रकल्प म्हणजे मी, एक माइक आणि आवाज घुमू नये म्हणून उघडं ठेवलेलं कपड्यांचं कपाट. तसं कळवलं. पुढे चिडीचूप. कायदा पाळायला निघालेल्या माणसाला दारच सापडत नाही, आणि न विचारता गाणारे मजेत. म्हणून लिहिलं, गा!

अर्धमात्रा
दारं आहेत, तुमच्या मापाची नाहीत. कव्हरसाठी कलम ३१ सी आहे. मूळ ध्वनिमुद्रणाला पाच कॅलेंडर वर्षं झाली की ठरलेली रॉयल्टी भरून स्वतःची आवृत्ती काढता येते, पण दरवर्षी किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी आगाऊ. कॅसेटच्या जमान्यातून आलेला हिशेब आहे तो. रेडिओसाठी तसंच ठरलेल्या रॉयल्टीवर गाणी वाजवू देणारं ३१ डी आहे. इंटरनेटवाल्यांनी त्यातून शिरायचा प्रयत्न केला, तर मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये टिप्स ही म्युझिक कंपनी विरुद्ध विंक हे गाण्यांचं अॅप या प्रकरणात सांगितलं की हे कलम इंटरनेटला लागू नाही. २०२२ मध्ये खंडपीठानेही तेच कायम केलं. मग उरते आयपीआरएस, म्हणजे गीतकार-संगीतकारांसाठी रॉयल्टी गोळा करणारी संस्था. तिच्याकडे अनेक गीतकार-संगीतकारांच्या हक्कांचं काम आहे, पण त्यांचं सगळंच तिच्याकडे असतं असं नाही, आणि एपिसोड डाउनलोड होतो तेव्हा सादरीकरणासोबत प्रत काढण्याचाही हक्क लागतो. परवाना घेताना हे लेखी विचारा.

मुक्तछंद
म्हणजे मी बरोबर होतो. कायदा माझ्यासाठी नाहीच.

अर्धमात्रा
‘माझ्यासाठी सोयीचा नाही’ म्हणा. पटेल.

जुनेखोड
परवाने बिरवाने राहू द्या. एकाही पॉडकास्टवाल्याला गीतकाराचं नाव माहीत नसतं, हे माझं दुखणं. ‘अमक्याचं गाणं’ म्हणतात आणि नाव घेतात गायकाचं! माझ्या काकांनी गाणी लिहिली. ठोक रक्कम, कोऱ्या कागदावर सही, विषय संपला. गाणी अजून वाजतात. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीचा वाटा विकून टाकता येणार नाही असं केलं. जावेद अख्तर राज्यसभेत त्यासाठी भांडले. काकांना त्याचा काय उपयोग? ते तोवर गेले होते.

मुक्तछंद
काकांबद्दल वाईट वाटतं. पण मी आज पैसे भरले तर ते त्यांच्या घरी पोचले असते? कंपनीत गेले असते.

जुनेखोड
म्हणून फुकट घ्यायचं? वा रे न्याय.

टाळकरी
माझं ऐका. मी तुकोबांचा अभंग गायलो आणि व्हिडिओवर कॉपीराइटचा दावा आला! साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या शब्दांवर!

ठायलय
शब्दांवर नसणार. कुठल्या चालीत गायलात?

टाळकरी
सगळे गातात त्याच.

ठायलय
सगळे गातात ती बहुतेक वेळा कोणा संगीतकाराने रेकॉर्डसाठी बांधलेली असते. तुकोबा मोफत, चाल नाही. हिशेब प्रत्येकाचा वेगळा, मृत्यूनंतर ६० वर्षं. गदिमा १९७७ साली गेले, म्हणजे त्यांचे शब्द २०३७ अखेरपर्यंत. बाबूजी, म्हणजे सुधीर फडके, २००२ साली, म्हणजे त्यांच्या चाली २०६२ अखेरपर्यंत. एकच गाणं, अर्धं आधी सुटणार, अर्धं पंचवीस वर्षांनी.

टाळकरी
अहो, ती चाल भीमपलास रागात आहे! भीमपलास कोणाच्या बापाचा?

ठायलय
राग कोणाचाच नाही. त्यात बांधलेली चाल कोणाची तरी असू शकते.

टाळकरी
असू शकते! वारीत पिढ्यान् पिढ्या जी घोळत आली, ती कोणीतरी स्टुडिओत नेली, दोन व्हायोलिनं लावली आणि आता तो मालक? आधी माझ्या आज्याला रॉयल्टी द्या.

अर्धमात्रा
हा प्रश्न न्यायालयालाही सोपा गेलेला नाही. डागरवाणी या ध्रुपद गायनाच्या परंपरेतल्या ‘शिवस्तुती’वरून ए. आर. रहमान यांच्यावर दावा झाला. एप्रिल २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल न्यायाधीशांनी डागर कुटुंबाच्या बाजूने आदेश दिला. सप्टेंबरमध्ये खंडपीठाने तो रद्द केला. रचना सादर केली म्हणजे ती त्यांनीच रचली असं धरता येत नाही, असं म्हणून.

टाळकरी
बघा! मग माझ्यावर दावा करणाऱ्यानेही आधी सिद्ध करावं.

ठायलय
करायला लावा. दाव्याला हरकत घेता येते. पारंपरिक चालीची जुनी ध्वनिमुद्रिका किंवा स्वरलिपी असेल तर ती जोडा. नुसतं ‘आमच्याकडे असंच म्हणतात’ लिहून भागत नाही.

टाळकरी
आज्याची स्वरलिपी! ज्याला सही येत नव्हती त्याची! तुम्ही कधी टाळ हातात धरलाय का हो? वातानुकूलित खोलीत बसून वारीला कलमं शिकवता!

ठायलय
खोलीला पंखाही नाही. मुद्द्यावर या.

जुनेखोड
आणि ती चाल खरंच कोणी बसवलेली असेल तर त्याच्याही घरी कोणी काका असेलच.

अर्धमात्रा
दावा करणारं यंत्र आहे, त्याला ना वारी कळते ना कलम. तरी व्हिडिओवाल्यांचे प्रकाशकांशी करार असतात, म्हणून कव्हर बरेचदा राहतं आणि जाहिरातीचा पैसा मालकाकडे वळतो. पॉडकास्टच्या फीडला तसं छत्र नाही. तिथे सरळ एपिसोड काढून टाकायला सांगतात.

मुक्तछंद
बरं, तीस सेकंदांचं वाक्य मी खोडतो. समाधान? बाकीचा लेख तसाच राहील. आता सांगा, गाण्यावरचा एपिसोड गाणं न म्हणता कसा करायचा? ओळी नुसत्या वाचू?

अर्धमात्रा
वाचल्या तरी शब्द गीतकाराचेच.

मुक्तछंद
सुंदर.

ठायलय
समीक्षा करा. अंतऱ्यात चाल कुठे वळते, तिथे तो शब्द का बसला, हे सांगताना ती ओळ गाऊन दाखवलीत तर कलम ५२ तुमच्या बाजूने उभं राहू शकतं. सुरुवातीला ‘मूड सेट करायला’ अख्खा मुखडा, मग तासभर क्रिकेट, हे त्यात बसत नाही.

मुक्तछंद
आणि बेसूर गायलो तर?

जुनेखोड
तरी गीतकाराचं नाव घ्या.