प्रति: प्रोजेक्टलिब्रे – सुरुवात कुठून करू?

प्रोजेक्टलिब्रे या कामांचं नियोजन करायच्या सॉफ्टवेअरमधली एवढी बटणं बघून गांगरायला होतं म्हणताय, तर निम्म्या बटणांकडं सध्या बघूच नका. डावीकडं कामांचा तक्ता, उजवीकडं गँट चार्टच्या पट्ट्या, म्हणजे कुठलं काम कधी सुरू होतं नि कधी संपतं ते दाखवणाऱ्या, एवढं पुरे.

पहिल्यांदा कॅलेंडर बदला. मूळ सेटिंग सोमवार ते शुक्रवार असतं, आणि आपल्या शिरोलीच्या फौंड्रीत शनिवारी सुट्टी कोण देतंय! मग पॅटर्न (साच्यासाठीचा नमुना), कास्टिंग (ओतकाम), मशिनिंग अशी कामं नि त्यांचे दिवस भरा. सुरुवातीची तारीख मात्र हातानं टाकू नका. टाकलीत की 'या तारखेच्या आधी नाही' असं बंधन त्या कामावर बसतं, आणि पॅटर्न लवकर तयार झाला तरी कास्टिंगची पट्टी काय अलीकडं सरकत नाही. त्यापेक्षा 'प्रेडिसेसर्स' रकान्यात आधीच्या कामाचा नंबर लिहा, तारखा आपोआप लागतात. रिसोर्स (माणसं, मशिनं), खर्च वगैरे निवांत बघा नंतर.