क्षमा केली म्हणजे हक्कसोडपत्रावर सही करायचीच का?

मळेवाली
आमचं गाव नगर जिल्ह्यातलं, घराणं चार पिढ्यांपासून ख्रिस्ती. वडील मृत्युपत्र न करता गेले. मागे आई, मी, धाकटी बहीण आणि भाऊ. विहिरीसकट बागायत जमीन आहे. तलाठ्याकडे वारस म्हणून भावाने फक्त स्वतःचं आणि आईचं नाव दिलं. आम्ही बहिणींनी हरकत घेतली.

गेल्या आठवड्यात तो पाळकसाहेबांना घेऊन घरी आला. प्रार्थना झाली. बायबलमधल्या मत्तयच्या अठराव्या अध्यायातून वाचन झालं : सात वेळा नाही, सातांच्या सत्तर वेळा क्षमा कर. आमेन म्हणून होतंय तोवर भावाने पिशवीतून हक्कसोडपत्राचा मसुदा काढला. आम्ही दोघींनी कुठे सह्या करायच्या तिथे पेन्सिलीने फुल्या आधीच मारलेल्या होत्या.

भावाला मी क्षमा केली आहे. त्याची मुलगी तापाने फणफणली तेव्हा दवाखान्यात रात्रभर मीच बसले होते. पण क्षमा म्हणजे मी माझा राग सोडणं. वाटा सोडणं ही वेगळी गोष्ट आहे. दोन्ही एकाच प्रार्थनेत उरकता येत नाहीत, असं माझं ठाम मत आहे.

शांतिसदन
ताई, राग मानू नका, मला पटलं नाही. लूकच्या बाराव्या अध्यायात एक जण प्रभूला म्हणतो, माझ्या भावाला वतन वाटून द्यायला सांगा. प्रभू नकार देतो आणि लगेच लोभापासून सावध राहायला सांगतो. प्रेषित पौल पत्रात करिंथकरांना विचारतो, भावाभावांनी कोर्टात जाण्यापेक्षा अन्याय का सोसत नाही? अब्राहामाने पुतण्या लोटाला जमिनीची आधी निवड करू दिली. लोटाने पाणथळ यार्देनेचं खोरं उचललं, तरी अब्राहामाने वाद घातला नाही.

मी माझा वाटा थोरल्या भावाला सोडला. आज आमची मुलं एका ताटात जेवतात. हे कुठल्या न्यायाधीशाने मिळवून दिलं नसतं.

वसईची_लेक
अब्राहामाचा दाखला उलट बाजूने लागतो. तो चुलता, वडीलधारा, कळपाचा मालक. निवडीचा पहिला हक्क त्याचा होता आणि त्याने तो आपणहून सोडला. त्याच्यापुढे कुणी फुल्या मारलेला कागद ठेवला नव्हता. इथे जमीन ज्याच्या ताब्यात आहे त्याने अब्राहाम व्हायचं, की जिला विहिरीवरची मोटारसुद्धा चालू करू देत नाहीत तिने?

आणि त्या जकातदार जक्कयाला विसरू नका. ज्याला लुबाडलं त्याला चौपट परत देतो, असं तो बोलला, त्यानंतरच प्रभू म्हणाला की आज या घराला तारण झालं. आम्हा कॅथलिकांत पापनिवेदनाला गेलं तरी घेतलेलं परत करण्याची जबाबदारी उरतेच. दुसऱ्या गालाचं म्हणाल, तर महायाजकापुढे शिपायाने थोबाडीत मारली तेव्हा येशूने विचारलं, मी योग्य बोललो असेन तर मला का मारतोस? त्याने उलट मारलं नाही, पण गप्पही बसला नाही.

कायद्याचं_बोला
मी हिंदू आहे, शास्त्रावर बोलायचा मला अधिकार नाही. कायदा सांगते. ख्रिस्ती माणूस मृत्युपत्र न करता गेला तर 1925 चा भारतीय वारसा कायदा लागतो. मागे पत्नी आणि मुलं असतील तर पत्नीला एक तृतीयांश, उरलेलं मुलामुलींत समान. केरळच्या त्रावणकोर भागात 1916 चा वेगळा कायदा होता : मुलीला मुलाच्या वाट्याच्या एक चतुर्थांश किंवा 5000 रुपये, यांतलं कमी असेल ते. मेरी रॉय सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि 1986 मध्ये तिथल्या बहिणींनाही समान वाटा मिळाला. त्याही ख्रिस्तीच होत्या, आणि वाद भावाशीच होता.

आमच्याकडे 2005 पासून मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क आहे. तरी भाऊबीजेच्या आसपास तोच कागद पुढे येतो आणि माहेर तुटेल हे तेच वाक्य. तुमच्याकडे वचन वाचतात, एवढाच फरक.

शांतिसदन
कायद्याने हक्क आहे, हे मी कुठे नाकारतोय? हक्क हातात असताना तो न वापरणं, इथेच विश्वासाची कसोटी लागते. पौलालाही मंडळीकडून, म्हणजे चर्चच्या लोकांकडून, पोटापाण्याची मदत घ्यायचा हक्क होता, त्याने तो वापरला नाही. आणि आईचा विचार करा. लेकरं तारखेला कोर्टाच्या व्हरांड्यात एकमेकांकडे पाठ करून उभी राहिलेली तिने या वयात बघायची का?

वसईची_लेक
पौलाने आपला हक्क सोडला, दुसरीला सोडायला लावला नाही. आणि हाच पौल, आपल्यावर अन्याय होतोय हे दिसल्यावर, थेट रोमच्या सम्राटाकडे, कैसराकडे दाद मागायला गेला. शिवाय सलाफहादाच्या मुलींनी मोशेपुढे उभं राहून बापाचं वतन मागितलं, तेव्हा देवाने त्यांना लोभी म्हटलं नाही, त्यांचं म्हणणं बरोबर आहे असं सांगितलं. तुम्ही स्वखुशीने सोडलंत, त्याचा मला आदर आहे. पण सोडण्याचा उपदेश दरवेळी बहिणीलाच का होतो? भावाला घेऊन बसवून चोरी करू नको ही आज्ञा वाचलेली मी तरी पाहिली नाही.

मळेवाली
सगळ्यांचे आभार. आईचा प्रश्न मला लागला, म्हणून काल तिलाच विचारलं. तिचा तिसरा हिस्सा होतो, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. वारसात नाव असलं तरी कागदावर अंगठा कधी द्यायचा एवढंच तिला माहीत. ती म्हणाली, पोरींनो, भांडू नका. पण सही करा, असं म्हणाली नाही.

मग रात्री तो अध्याय पुन्हा काढला. त्या दिवशी वाचन एकविसाव्या वचनापासून झालं होतं, पेत्र विचारतो तिथून. त्याच्या आधी, पंधराव्यात, प्रभू सांगतो की भावाने अपराध केला तर एकांतात जाऊन त्याला त्याचा दोष दाखव. ऐकलं नाही तर आणखी एकदोघांना घेऊन जा. तरीही नाही ऐकलं तर मंडळीला कळव. हे वाचलंच गेलं नाही. मी रविवारी उपासनेनंतर एकटी त्याच्याकडे जाणार आहे.

शांतिसदन
जा, अवश्य जा. मी प्रार्थना करतो. पण आधी ती हरकत मागे घ्या. हातात दगड धरून समेट होत नाही.

मळेवाली
दादा, हरकत मागे घेतली की फेरफार मंजूर होईल. मग आमची नावं सातबाऱ्यावर चढवायला मला त्याच्यावर वाटपाचा दावाच लावावा लागेल, आणि तुम्हाला नको असलेलं कोर्ट तिथूनच सुरू होईल. हरकत राहू दे. जेवणाचा डबा मात्र घेऊन जाते, त्याला माझ्या हातची शेंगोळी आवडतात.