हिटलरची टर उडवणारे युद्धकालीन चित्रपट : प्रभावी प्रचार की दुःखाची थट्टा?

प्रस्ताव
दिग्दर्शक एर्न्स्ट लुबिच यांचा 'टू बी ऑर नॉट टू बी' (१९४२) हा विनोदी चित्रपट नाझीविरोधी प्रचाराचा सर्वांत भेदक नमुना आहे, असे माझे मत आहे. सुरुवातीलाच, युद्धाच्या तोंडावरच्या वॉर्सामध्ये भररस्त्यात हिटलर एकटा उभा दिसतो आणि लोक थिजून पाहत राहतात. तो असतो ब्रॉन्स्की नावाचा दुय्यम नट. गर्दीतून पुढे आलेली एक चिमुरडी त्याला नावाने हाक मारून स्वाक्षरी मागते. गणवेशाचा सारा दरारा तिच्या त्या एका मागणीने उतरतो. कोणत्याही गंभीर भाषणाला हे इतक्या थोडक्यात साधले नसते.

प्रतिसाद १
मला हे अजिबात पटत नाही. याच चित्रपटात एक जर्मन अधिकारी एका नटाबद्दल म्हणतो, 'त्याने शेक्सपिअरचे जे केले, तेच आम्ही आता पोलंडचे करत आहोत.' पोलंडमध्ये माणसे मारली जात असताना प्रेक्षकांना हसवण्यासाठी हे वाक्य लिहिले गेले, आणि त्यावर तेव्हाच्या समीक्षकांनी घेतलेला आक्षेप रास्तच होता. स्वतः चॅप्लिन यांनीही १९६४च्या आत्मचरित्रात लिहिले आहे की छळछावण्यांतील खरी भीषणता ठाऊक असती, तर हिटलरची टर उडवणारा 'द ग्रेट डिक्टेटर' आपल्या हातून झाला नसता.

प्रस्तावकाचे उत्तर
चॅप्लिन यांचे ते विधान पुढे उघड झालेल्या सत्याविषयी आहे. त्यांचा चित्रपट आला १९४०च्या ऑक्टोबरात, अमेरिका तटस्थ असताना. पुढच्या वर्षी सेनेटच्या एका उपसमितीने हॉलिवूड युद्धाची चिथावणी देत असल्याच्या आरोपावरून सुनावणीही सुरू केली. अशा वातावरणात पृथ्वीच्या फुग्याशी खेळणारा आणि तो फुटताच रडणारा हुकूमशहा पडद्यावर आणायला धैर्य लागत होते. लुबिच तर बर्लिनमध्ये जन्मलेले ज्यू. त्यांच्या चित्रपटात आयुष्यभर भालदाराच्या भूमिका केलेला ग्रीनबर्ग, नाझी सैनिकांच्या गराड्यात, शेक्सपिअरच्या नाटकातील ज्यू सावकार शायलॉक याचे स्वगत म्हणतो : आम्हाला टोचले तर रक्त येत नाही का? तिथे हसू घशातच अडकते. याला दुःखाची थट्टा कसे म्हणावे?

प्रतिसाद २
लुबिच यांच्याबाबत मी प्रस्तावकांशी सहमत आहे, पण प्रचाराचा मोठा भाग इतका विवेकी नव्हता. डिस्नेच्या 'डेर फ्युरर्स फेस' या ऑस्कर मिळालेल्या व्यंगपटात डोनाल्ड डक नाझींच्या कारखान्यात तोफगोळे जुळवताना वेडापिसा होतो, आणि तो भाग उत्तमच आहे. मात्र त्याच व्यंगपटातला जपानी नेता सरळ वंशद्वेषी साच्यातून काढलेला आहे. त्या सुमारास अमेरिकेतील लाखाहून अधिक जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबले होते, हे विसरून त्या चित्राला हसता येत नाही.

प्रतिसाद १ : पुन्हा
ग्रीनबर्गचा प्रसंग मी मान्य करतो. त्या अधिकाऱ्याचे वाक्य मात्र लुबिच यांनी वगळायला हवे होते, हे माझे मत कायम आहे.