मदत हवी आहे: डेंगीत प्लेटलेट बघायच्या की पीसीव्ही?

मावशी_पुणेकर:
माझी भाची (वय १९, नाशिक) डेंगीने अ‍ॅडमिट आहे. एनएस१ (डेंगीच्या विषाणूचं प्रथिन) पॉझिटिव्ह. ताई तिच्याजवळ आहे, मी इथे पुण्यात बसून व्हॉट्सअ‍ॅपवर येणारे रिपोर्ट वाचतेय. औषध विचारायला धागा काढलेला नाही, उपचार व्यवस्थित चालू आहेत. कागदावरचं समजून घ्यायचंय.

तापाच्या दुसऱ्या दिवशी पीसीव्ही (रक्तातल्या लाल पेशींचा टक्का) ३६ आणि प्लेटलेट १ लाख ६० हजार होत्या. आज पाचवा दिवस. पीसीव्ही ४४, प्लेटलेट ४१ हजार, अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) ४.१ वरून ३.०. एसजीओटी (यकृताची तपासणी), फेरिटिन (लोह साठवणारं प्रथिन), डी-डायमर (रक्ताच्या गुठळ्या विरघळल्याची खूण) सगळं वाढलेलं. सोनोग्राफीत पित्ताशयाची भिंत जाड आणि उजव्या छातीत थोडं पाणी. बीपी १०४/७६. ताप मात्र काल रात्रीच उतरला, त्यामुळे घरचे म्हणतात, "आता काय, डिस्चार्ज घ्या."

डॉक्टर प्लेटलेट चढवायला तयार नाहीत आणि दर सहा तासांनी पीसीव्ही करताहेत. आमच्या ग्रुपवर सगळे प्लेटलेटचा आकडा विचारतात, पीसीव्ही कोणीच नाही! एका काकांनी डी-डायमर बघून "कोविडसारखं रक्त पातळ करायचं औषध द्या" असंही सुचवलंय. शिवाय सिंडिकॅन-१ आणि अँजिओपोएटिन-२ अशा तपासण्यांनी रक्तवाहिन्यांची इजा कळते असं वाचलं. त्या करून घ्याव्यात का?

घाटवाट:
आमच्याकडे दोन्ही मुलांना पपईच्या पानांचा रस दिला, प्लेटलेट लगेच वाढल्या. ओळखीने डोनर बघून ठेवा, ऐनवेळी पळापळ होते.

पॅथॉलॉजीवाला:
मावशी, आधी महत्त्वाचं: ताप उतरला म्हणून घरी नेऊ नका. डेंगीत धोक्याचे २४ ते ४८ तास बहुतेकदा ताप उतरतानाच सुरू होतात.

आता पीसीव्ही. डेंगीत माणूस गंभीर होतो तो मुख्यतः रक्तवाहिन्या झिरपू लागल्यामुळे. प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ भाग, बाहेर जातो, पेशी आत राहतात. पाणी आटलं की आमटी दाट होते तसं. ३६ चे ४४ म्हणजे २२ टक्के वाढ, आणि २० टक्के वाढ ही प्लाझ्मा गळतीची जुनी, मान्य खूण आहे. अल्ब्युमिन त्याच वाटेने बाहेर पडतं. छातीतलं पाणी आणि पित्ताशयाची जाड भिंत ही त्याचीच चित्रं. तुमचे चारही कागद एकच गोष्ट सांगताहेत. म्हणूनच डॉक्टर पीसीव्ही बघून सलाईनचा वेग ठरवत असणार.

प्लेटलेट कमी होणं वेगळं. रक्तस्राव नसताना त्या चढवून फायदा होतो का, हे सिंगापूर आणि मलेशियात तपासलं होतं (२०१७). २० हजार किंवा त्याहून कमी प्लेटलेट असलेल्या प्रौढांत रक्तस्राव टळला नाही, उलट त्रास वाढले. घाटवाट, रस दिला नसता तरी त्या दिवसांत आकडा वर गेलाच असता. उलट्या होणाऱ्या पोरीला तो कडू रस पाजू नका.

डी-डायमर आणि फेरिटिन तीव्र डेंगीत वाढतातच. तेवढ्यावरून रक्त पातळ करायचं औषध अजिबात नाही. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेनही नको. काकांना प्रेमाने गप्प करा.

सिंडिकॅनबद्दल वाचलंत ते खरं आहे. रक्तवाहिनीच्या आतल्या बाजूला साखर-प्रथिनांचा नाजूक थर असतो. तुमच्या रिपोर्टमधलं एनएस१ निव्वळ निदानाची खूण नाही. ते या थराला चिकटून शरीराच्याच एन्झाइमांकरवी तो कातरतं. एनएस१ मुळे रक्तवाहिन्या गळतात, हे २०१५ पासूनच्या प्रयोगांत दिसलंय. थराचे तुकडे रक्तात आले की सिंडिकॅन-१ वाढतं. अँजिओपोएटिन-२ भिंतीच्या पेशींत साठवलेलं असतं; पेशी डिवचल्या की बाहेर येतं आणि गळती वाढवतं. कोविडच्या गंभीर रुग्णांतही ते वाढलेलं सापडलं.

पण या तपासण्या अजून संशोधनातच आहेत. कितीच्या वर धोका, याचा सर्वमान्य आकडा नाही, आणि रिपोर्ट हाती येईपर्यंत पेशंटची अवस्था बदललेली असते. सहा तासांनी होणारा पीसीव्ही आज जास्त कामाचा.

ताईला सांगा, पोटात जोरात दुखणं, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, ग्लानी, हातपाय गार किंवा लघवी कमी झाली तर सिस्टरना लगेच बोलवायचं. बीपीतल्या दोन आकड्यांतला फरकही बघा. आत्ता २८ आहे. तो २० वर आला तर वरचा आकडा चांगला दिसत असला तरी शॉकची (अवयवांना रक्त कमी पडण्याची) सुरुवात समजतात.

घाटवाट:
हे माहीत नव्हतं. तरी डोनरचा नंबर असू द्या म्हणतो.

पॅथॉलॉजीवाला:
असू द्या की. रक्तस्राव झाला तर लागेल.

मावशी_पुणेकर:
खूप आभार. अपडेट: पीसीव्ही ३७, लघवी भरपूर, भूक लागलीय. पण ती अजून नीट जेवत नसताना सलाईन बंद केलं, त्यामुळे ताई धास्तावली आहे. आणि तळहाताला प्रचंड खाज सुटलीय.

पॅथॉलॉजीवाला:
बाहेर गेलेलं पाणी आता रक्तवाहिन्यांत परत येतंय. या टप्प्यात सलाईन चालू ठेवलं तर ते फुप्फुसात साठून धाप लागते, म्हणून बंद केलं. तोंडाने पेज, सरबत चालू दे. खाज आणि लाल पुरळ बरं होताना येतं. फार त्रास असेल तर राउंडला डॉक्टरांना सांगा, गोळी देतील.