मदत हवी आहे: सातबारा सासऱ्यांच्या नावावर, वहिनीला पीककर्ज कसं मिळेल?

नमस्कार मंडळी,

माझी चुलत वहिनी लातूर जिल्ह्यात औसा तालुक्यात असते. दादा कोरोनात गेला. तेव्हापासून दोन एकर सोयाबीन, शेळ्या आणि मुलांची शाळा सगळं तिच्याच अंगावर आहे. पेरणीपासून मळणीपर्यंत शेत तीच बघते, पण सातबारा सासऱ्यांच्या नावावर. ते गेल्या वर्षी वारले, वारसनोंद अजून झालेली नाही. बँकेत गेलं की "जमीन तुमच्या नावावर नाही" हे ठरलेलं उत्तर.

शेवटी बियाणं-खतासाठी तिने एका मायक्रोफायनान्स कंपनीकडून कर्ज घेतलं. पैसे जूनमध्ये हातात आले आणि हप्ता दर आठवड्याला सुरू झाला. सोयाबीनचा पैसा दिसतो तो दिवाळीच्या तोंडावर! मधले हप्ते ती दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जाऊन भरते. श्रावणात पावसाने ओढ दिली, मजुरी थांबली, आणि तिने गाभण उस्मानाबादी शेळी विकली. वसुलीवाला दारात बसलेला, आठवडी बाजारापर्यंत थांबायला तयार नाही. व्यापाऱ्याने पाडून मागितली, तिने देऊन टाकली. करडांसकट गेली ती. हे कळल्यापासून जिवाला चैन नाही.

कर्जच वाईट, असं मी म्हणत नाही. त्या पैशांमुळेच पेरणी वेळेवर झाली. पण हप्ता पीक हातात येईल तेव्हा असायला हवा ना?

आता दीर म्हणतात, "हक्कसोड करून दे, मी माझ्या नावावर कर्ज काढून देतो." म्हणजे जमिनीतला तिचा वाटा लेखी सोडून द्यायचा. सही करावी का? नावावर जमीन नसताना दुसरा काही मार्ग आहे का? गावात उमेदचा (सरकारच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाचा) बचत गट आहे, पण ती त्यात नाही.

प्रतिसाद:
ताई, सही अजिबात करू देऊ नका. हिंदू वारसा कायदा, १९५६ प्रमाणे आधी वारलेल्या मुलाची विधवा आणि मुलं वर्ग १ चे, म्हणजे पहिल्या हक्काचे वारस असतात. सासऱ्यांचा मृत्यू दाखला आणि वारसांचं शपथपत्र घेऊन तलाठ्याकडे वारस फेरफारासाठी (सातबारावर वारसांची नावं लावण्यासाठी) अर्ज द्या. त्याला दिरांची संमती लागत नाही. नाव लागलं की किसान क्रेडिट कार्डाचा अर्ज करता येईल. जानेवारी २०२५ पासून २ लाखांपर्यंतच्या शेतीकर्जाला तारण मागत नाहीत.

तोवर बचत गटात जाऊ द्या. गटाच्या बचतीतून मिळणाऱ्या अंतर्गत कर्जाचा हप्ता बायका बैठकीतच ठरवतात, सुगीनंतरचाही ठरवता येतो. बँकेत संयुक्त देयता गटाचीही चौकशी करा; त्यात सगळे मिळून एकमेकांच्या कर्जाची हमी घेतात. नावावर जमीन नसलेल्या कसणाऱ्यांसाठीच नाबार्डने (शेती-ग्रामविकासाच्या राष्ट्रीय बँकेने) तो आणला, ४ ते १० जण पुरतात.

आणि कंपनीला लेखी अर्ज द्या. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांत कर्जदाराच्या गरजेप्रमाणे हप्त्याचा काळ ठरवण्याची सोय ठेवायला सांगितलं आहे. मुदतीआधी फेडलं तर दंड नाही. वसुलीही ठरलेल्या जागीच व्हायला हवी; लागोपाठ दोनदा तिथे न गेल्यासच घरी येता येतं.

धागाकर्ती:
खूप आभार! वहिनीला आत्ताच फोन केला, सही करणार नाही म्हणाली. फेरफारावर दिरांनी हरकत घेतली तर सुनावणी कोणापुढे होते? तिथे वकील लागतो का?