अटक झाली असेल तर ‘हो’च लिहा
चोपड्याच्या दादांनी विचारलंय: कापसाच्या भावासाठी केलेल्या रास्ता रोकोत अटक झाली, पुढे निर्दोष सुटलो, आता लेकीकडे अमेरिकेला जायचंय, तर अटकेच्या प्रश्नाला व्हिसाच्या अर्जात एजंट ‘नाही’ लिहा म्हणतो. दादा, त्याचं ऐकू नका. डीएस-१६० या अमेरिकेच्या व्हिसा अर्जात फक्त शिक्षेबद्दल नाही, कधी अटक झाली होती का असंही विचारतात. त्यामुळे उत्तर ‘हो’च. कापसाच्या भावासाठी रस्त्यावर बसलात, त्यात मान खाली घालण्यासारखं काही नाही. त्या केसमुळे व्हिसा अडेलच असंही नाही. पण मुद्दाम खोटं लिहिल्याचं ठरलं तर तिथल्या कायद्यानं कायमची बंदी येऊ शकते.

केस चालली त्या कोर्टात नकलेचा अर्ज देऊन निकालाची प्रमाणित प्रत काढा. एफआयआर मिळाला तर उत्तम. केस नंबर आठवत नसेल तर ई-कोर्ट्स या कोर्टांच्या सरकारी वेबसाइटवर नावानं शोधा. फार जुनी केस तिथं नसतेही, मग तुमच्या वकिलांचं जुनं दप्तर बघायला सांगा. निकाल मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर जोडीला हवं. मुंबईत बीकेसीला अमेरिकन वकिलातीत व्हिसाच्या मुलाखतीत विचारलं, तर घडलं तेवढंच सांगा, कागद मागितले तरच पुढे करा. आणि एजंटनं भरलेला अर्ज लेकीकडून ओळ न् ओळ वाचून घ्या, मगच सही करा. अर्जातल्या मजकुराला जबाबदार तुम्ही असता, एजंट नाही.