दुपारी झोपता का? आणि झोपत असाल तर लपवता का?

पंखा_पाचवर
गेल्या मंगळवारी दुपारी अडीचला फोन वाजला. मी गाढ झोपेत. पलीकडून विचारलं, "झोपला होतात का?" तर मी म्हणालो, "छे छे, जरा घसा बसलाय." वय वर्षं ५२, घर स्वतःचं, रजाही रीतसर टाकलेली. तरी खोटं बोललो. रात्री अकराला हाच प्रश्न आला असता तर उलट चिडलो असतो.

माझं म्हणणं असं की दुपारची झोप हा आळस नाही. एक ते तीनच्या सुमारास शरीराच्या घड्याळातच एक उतार असतो. जेवण त्यात भर घालतं, पण उपास असला तरी तो उतार येतोच. अमेरिकेच्या नासाने पॅसिफिकवरच्या लांब उड्डाणांत वैमानिकांना आळीपाळीने ४० मिनिटांची सवड देऊन पाहिली. त्यात ते सरासरी २६ मिनिटं झोपले, आणि उतरताना न झोपलेल्यांपेक्षा जास्त सावध होते. विमान चालवणाऱ्याला चालतं, मग एक्सेल चालवणाऱ्याला का नाही?

कडू_कारलं
नासाला कशाला मध्ये आणता? "मला झोपायला आवडतं" एवढं म्हणा, मिटलं.

आजोबांची वामकुक्षी मी पाहिली आहे. जेवण, शतपावली, मग डाव्या कुशीवर पंधरा-वीस मिनिटं. घोंगडीसुद्धा नीट उलगडायचे नाहीत. आणि ते पहाटे साडेचारला उठलेले असायचे. आपण काय करतो? रात्री एकपर्यंत मोबाइल चाळायचा, सकाळी आठला उठायचं, दुपारी दोन तास ताणून द्यायची आणि नाव वामकुक्षी! जागेपणी मेंदूत अ‍ॅडेनोसिन साठत जातं, त्याच्या ओझ्याने रात्री झोप लागते. ते ओझं दुपारीच उतरवून ठेवलं तर रात्री कूस बदलत पडायचं. मग दुसऱ्या दुपारी पुन्हा "शरीराची गरज".

सुंठ_साखर
आयुर्वेद तर दुपारच्या झोपेच्या विरोधातच आहे. चरकसंहितेत उन्हाळा सोडून इतर ऋतूंत दिवसा झोपलं की कफ आणि पित्त वाढतं असं स्पष्ट आहे. सूट आहे ती लहान मुलं, म्हातारी माणसं, आजारी, प्रवासाने किंवा ओझी वाहून दमलेले, जागरण झालेले अशांना. (गाऊन आणि अभ्यास करून थकलेल्यांनाही आहे. एक्सेलचा उल्लेख सापडला नाही.)

पण तिथेच एक गंमत आहे. बसल्या बसल्या काढलेली डुलकी चरकांच्या मते ना रूक्ष, ना कफ वाढवणारी. म्हणजे वर्तमानपत्र तोंडावर घेऊन आरामखुर्चीत घोरणारे काका शास्त्राला धरूनच होते!

तिसरा_चहा
आजोबा, काका, वैमानिक. बाई कुठे आहे या धाग्यावर?

आमच्या घरी दुपारी "हळू बोला, बाबा झोपलेत" असायचं. कुकरचं झाकणसुद्धा अलगद ठेवायचं. आईचा चुकून डोळा लागला तर सगळे काळजीत, "आज बरं नाही का तुला?" बाबांची झोप ही झोप, आईची झोप हे लक्षण.

आता माझ्या घरात तेच. दीडला जेवणं उरकतात, दोनला नळाला पाणी येतं, अडीचला सिलिंडरवाला, तीनला मुलगी शाळेतून. मध्ये गिरणीतलं दळण. मला कफही नको आणि पित्तही नको, मला पलंगावर आडवं होऊन बेल न वाजणारी वीस मिनिटं हवीत.

पंखा_पाचवर
…आमच्याकडे बेल कोण उघडतं, हे आत्ता आठवून पाहिलं. पुढे लिहीत नाही.

बांधावरचा
भाऊ, वऱ्हाडातून लिहितो. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की बारा ते चार बाहेर दिसणारा माणूस एक तर मजबुरीने निघालेला असतो नाहीतर वेडा. तेव्हा झोपायचं की नाही ही चर्चाच नसते, लिंबाखाली जागा कोणाची एवढाच वाद.

पण आमची खरी दुपारची झोप हिवाळ्यातली. शेतीची लाईन एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात हरभऱ्याला पाणी द्यायला बारा वाजता मोटर चालू करायची आणि पहाटेपर्यंत बॅटरी घेऊन बांधाबांधाने फिरायचं. साप वेगळा, डुक्कर वेगळं. दुसऱ्या दिवशी दुपारी ओसरीवर झोपलेलं पाहून रस्त्याने जाणारा म्हणतो, "आराम आहे बुवा शेतकऱ्याचा."

कडू_कारलं
बांधावरचा, तुम्हाला माझा विरोध नाहीच. ही तर थकबाकी.

माझा कडूपणा कुठून आला तेही सांगतो. माझा थोरला भाऊ रोज दुपारी झोपायचा. रात्री नऊ तास झोपूनही. घरात थट्टा, "कुंभकर्ण". एकदा सिग्नलला गाडीत डोळा लागला, मागच्यांच्या हॉर्नने जागा झाला. तपासणीत निघालं की घोरताना रात्रभर त्याचा श्वास अडकत होता, म्हणजे नऊ तासांत झोप अशी होतच नव्हती. आता रात्री मास्क लावतो आणि दुपारी टक्क जागा असतो. तेव्हा रात्र पुरी होऊनही दुपारी डोळे मिटतच असतील तर वामकुक्षीचे गोडवे गाण्याआधी डॉक्टर गाठा.

रात्रपाळी
मी नर्स. सकाळी आठला ड्यूटी सुटते. जाड पडदे लावते, फोन बंद करते, तेवढ्यात खाली भंगारवाला. सोसायटीत माझी ओळख "दिवसभर झोपणारी" अशी आहे. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने झोप हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग मानला, पण भंगारवाल्याला निकालाची प्रत कोण देणार?

सुंठ_साखर, अष्टांगहृदयातलं एक माझ्या कामाचं आहे. जागरण झालं तर जेवढं जागलात त्याच्या निम्मा वेळ सकाळी झोपा, तेही जेवायच्या आधी. पूर्वी मी नाश्ता करून झोपायचे, आता उठून खाते. मला तरी बरं वाटतं.

आणि वीस मिनिटांच्या वर जाऊ नका म्हणतात त्याचं कारण आहे. पुढे गाढ झोप सुरू होते, त्यातून मध्येच उठलं की डोकं अर्धा तास दगडासारखं. त्यालाच लोक "दुपारची झोप बाधते" म्हणतात.

सदाशिवकर
एक ते चार यावर इतका वेळ पुणेकर बोलला नाही, हा या धाग्याचा अपमान आहे. आमच्या चितळ्यांनीसुद्धा २०१७ मध्ये दुपारी दुकान उघडं ठेवायला सुरुवात केली. त्या दिवशी बाकरवडी मिळाली, पण काहीतरी गेलं.

म्हापशेकार
या इकडे. आमच्या बाजारात अजून बरीच दुकानं दुपारी शटर ओढतात. पर्यटक चिडतात, आम्ही झोपतो.

ऱ्हाईनकाठ
जर्मनीत तर अनेक इमारतींच्या घरनियमांत दुपारी एक ते तीन शांतता लिहिलेली असते. ड्रिल चालवलं की शेजारीण दारात हजर. पण झोपत कोणीच नाही, सगळे ऑफिसात! आणि आपण नियमाशिवाय झोपतो, वर ड्रिलही चालू.

तिसरा_चहा
आज प्रयोग केला. बेलची बॅटरी काढली, नवऱ्याला सांगितलं पाणी तू भर. वीस मिनिटांचा गजर लावून दीडला आडवी झाले, सव्वादोनला उठले. डोकं दगड नाही, काही नाही. दळण अजून गिरणीतच आहे.

कडू_कारलं
दीड ते सव्वादोन म्हणजे पंचेचाळीस मिनिटं होतात.

तिसरा_चहा
हिशेब नंतर. चहा टाकतेय.